दारवर आलेल्या माणसाला बोलू द्या

आमच्याकडे, म्हणजे धुळे-जळगाव-नंदुरबार पट्ट्यात, समाजाची बैठक भरली की हल्ली एक ठराव ठरलेला असतो. टॉवेल-टोपी बंद. साड्या, मानपान बंद. उत्तरकार्याच्या पंगतीत गोडधोड नको. आणि दुखवटा तेरा दिवसांवरून पाचवर, कुठे कुठे तीनवर. ठराव हात वर करून मंजूर होतो आणि व्हायलाच हवा. बापाचं तेरावं दणक्यात करायचं म्हणून सोसायटीचं कर्ज थकवलेली घरं प्रत्येक गावात आहेत. कपाशीला भाव नसलेल्या वर्षी पाचशे पानं उठवायची आणि पुढच्या पेरणीला बियाणं उधारीवर आणायचं, यात मेलेल्याचा मान कसला आलाय?

माझं भांडण या ठरावांमागून हळूच शिरणाऱ्या एका सवयीशी आहे. खर्च कमी करता करता आपण माणसांचं येणंही कमी करत चाललोय. भेटायला यायचं तर एकाच दिवशी, ठरावीक वेळेत या. फोटोला हात जोडा, दोन मिनिटं बसा, निघा. नाहीच जमलं तर मोबाइलवर हात जोडलेलं चित्र पाठवा. सगळ्यांच्याच सोयीचं आहे ते. पण आपल्या भागात एखाद्या साध्या माणसाची आठवण शिल्लक राहण्याची जी एकमेव जागा होती, ती या सोयीत बुजते आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मयत झालेल्या घरी भेटायला जाण्याला खान्देशात दारवर जाणं म्हणतात. पेपरात निधनवार्तेखाली 'द्वारदर्शन' आणि 'गंधमुक्ती' अशा तारखा छापलेल्या असतात, त्यातलं द्वारदर्शन ते हेच. गावाहून क्रूझर भरून बायामाणसं येतात. बाया गल्लीच्या तोंडाशीच उतरतात आणि तिथूनच रडत येतात. त्या आत जातात, पुरुष ओट्यावर किंवा मांडवात टेकतात. पाणी फिरतं. कोणीतरी "कसं झालं हो?" विचारतं आणि घरातला एक जण तीच हकीगत पुन्हा पहिल्यापासून सांगतो: रात्री छातीत दुखलं, गाडी बोलावली, रस्त्यातच गेले. मग जरा वेळ कोणी काही बोलत नाही. बहुतेकांना वाटतं, झालं, आता निघावं. पण खरं बसणं इथून पुढे सुरू होतं. कोपऱ्यातला एखादा म्हातारा घसा खाकरतो आणि म्हणतो, "आप्पाचं एक सांगतो."

हे 'एक सांगतो' फार मोलाचं आहे, आणि त्याला दुसरी जागा नाही. गेलेला माणूस घरच्यांना पुरता माहीत असतो हा आपला मोठा गैरसमज. घरच्यांना तो बाप, नवरा, सासरा म्हणून माहीत असतो, म्हणजे बराचसा एकाच बाजूने. बांधाला बांध लागून ज्याचं वावर आहे, जो त्याच्यासोबत बाजार समितीत कापसाच्या गाडीवर रात्रभर बसलाय, ज्याने त्याला तरुणपणी जत्रेतल्या बारागाड्यांच्या गर्दीत पडताना पाहिलंय, त्याच्याकडचा माणूस वेगळा असतो. आणि या सगळ्यांना एका ओट्यावर आणणारे दिवस तेवढेच. नंतर महिन्याभराने तुम्ही त्यांच्या घरी जाऊन म्हणालात की आमच्या आप्पांबद्दल सांगा, तर ते चहा पाजतील आणि म्हणतील, "देवमाणूस होता." संपलं.

खान्देशाला हे जास्त लागू आहे, कारण आमची पोरं घरी नसतात. सुरतेला उधन्यात, लिंबायतीत निम्मं खान्देश राहतं असं आम्ही थट्टेने म्हणतो, पण त्यात फार अतिशयोक्ती नाही. जे सुरतेला नाहीत ते पुण्या-नाशिकला. अठराव्या-विसाव्या वर्षी गाव सोडलेल्या पोराला बाप माहीत असतो तो लहानपणीचा, आणि नंतर दिवाळी, आखाजी (म्हणजे अक्षय्य तृतीया) आणि फोनवरचा. मधला सगळा बाप गल्लीकडे जमा असतो. भुसावळ गाडीने येऊन पाचव्या दिवशी परत उधन्याला कामावर हजर होणाऱ्या पोराने तो कुठून घ्यायचा?

माझे वडील, आमचे आप्पा, गेले तेव्हा मी चोपड्याकडच्या आमच्या गावी सगळे दिवस राहिले. लेकीला एक सोय असते, ती आतही बसू शकते आणि बाहेर ओट्यावरही तिला कोणी हटकत नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या वावरवाली जिजी आली. तिचा नवरा फार लवकर गेलेला, पोरगा तेव्हा लहान. विहिरीला पाणी नाही, मोटार नाही, दोन बिघे कपाशी तेवढी. शेतीची लाइट आमच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात आप्पा बॅटरी आणि काठी घेऊन जायचे ते पहाटे यायचे. आमच्या दहा-बारा सऱ्या भिजायला एवढा वेळ लागत नाही, हे शेतकऱ्याच्या बायकोला कळतंच. आईची खात्री होती की हा माणूस मंदिरामागे पत्ते कुटत बसतो. यावरून आमच्या घरात झालेली भांडणं मला तोंडपाठ आहेत.

जिजीने ते बोलता बोलता सांगितलं, जणू सगळ्यांना माहीतच आहे. आप्पा आपलं भिजवून झालं की पाइप तिच्या सरीत सोडायचे. आई म्हणाली, "काय?" तर जिजीच चकित. "तुले माहीत नही का व? मन्हा वावरले पानी कोन दे मंग?"

अशा वेळी आई गहिवरली असं लिहायची पद्धत आहे. आई गहिवरली नाही, चिडली. इतकी वर्षं पत्त्यांवरून बोलणी खाल्ली, एकदा तोंड उघडून सांगायला काय झालं होतं? दोन दिवस ती त्यांच्या फोटोकडे बघून पुटपुटत होती. न सांगण्याचं कारण मात्र तिथे बसलेल्या प्रत्येक बाईला कळलं होतं. रात्री एका विधवा बाईच्या वावरात पाणी देणारा माणूस, हे गावात एकदा फुटलं असतं तर पाण्याची गोष्ट बाजूला राहिली असती. आप्पांनी पत्त्यांचा आळ घेतला तो कोणाला काय परवडेल याचा हिशोब करून. आम्ही त्यांना तोवर तापट आणि थोडे बेफिकीर समजत होतो.

दुसरी गोष्ट आमच्या जुन्या सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याची. आमच्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला सुरू होतं आणि आखाजीला संपतं. हिशोब, खाडे, उचल, सगळं त्या दिवशी मिटवायचं असतं. तो आला, मांडवाच्या कडेला बसला आणि म्हणाला, आप्पा माणूस चांगला, पण एका आखाजीला त्यांनी माझे खाडे कापले. पोरगं दवाखान्यात होतं, त्यांना माहीत होतं, तरी कापले. मांडव चिडीचूप. सुरतेहून आलेला माझा थोरला भाऊ उठलाच, म्हणाला, ही काय वेळ आहे का. चुलतकाकांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं: "बोलू दे त्याला. नंतर कधी बोलेल?"

त्याने सांगितलं, पाणी प्यायला आणि गेला. दुसऱ्या दिवशी भावाने त्याच्या घरी पैसे पोचवले. त्याने ठेवून घेतले. त्याचेच होते.

हे दोन्ही आप्पा खरे. विधवेच्या वावराला रात्रीचं पाणी देणारे आणि सालदाराचे खाडे कापणारे. ओट्यावर सालदार बोलला नसता तर आमच्या घरात जिजीच्या गोष्टीतले आप्पा तेवढे राहिले असते आणि वर्षभरात त्यांचा हार घातलेला फोटो झाला असता. नातवंडांना फोटो सांभाळता येतो, ओळखता येत नाही. म्हणून मला असं वाटतं की दुखवट्यात फक्त चांगलंच बोलावं हा संकेत आपण जरा सैल करायला हवा. कोणी शिव्या घालायला येणार नाही, आपल्या माणसांना तेवढी रीत कळते. पण ज्याला खरोखर काही सलतंय त्याच्यापुरता तो ओटा मोकळा असावा.

यावरचा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो आमच्याच घरात निघाला होता. एकदा बोलू दिलं की कोणीही काहीही सांगेल. "आप्पांनी मला तोंडी शब्द दिला होता," "आप्पांकडे माझे पन्नास हजार होते," अशी माणसंही याच गर्दीत येतात. येतात, खरं आहे. पण देणंघेणं आणि आठवण या दोन वेगळ्या वह्या आहेत. देण्याघेण्याला कागद लागतो आणि त्याची व्यवस्था आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, दाखला काढायचा, तलाठ्याकडे वारसाचा अर्ज द्यायचा, फेरफार होतो, सातबाऱ्यावर नावं चढतात. सरकारदरबारी माणूस कसा शिल्लक राहतो हे बघायचं तर ते एवढंच: नाव, वय, तारीख, गट नंबर आणि वारस. त्यात चूक नाही, सरकारने तेवढंच ठेवावं. बाकीचं ठेवायचं काम सरकारचं नाहीच. ते ज्यांचं होतं त्यांनीच ते सोडलंय.

सोडलंय आणि त्याच्या जागी काय आणलंय तर फ्लेक्स. चौकात आठ बाय सहाचा 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मधे गेलेला माणूस, वर पक्षाचे पाच चेहरे, खाली 'शोकाकुल मित्र परिवार' म्हणून वीस पासपोर्ट फोटो, गॉगलसकट. नदीकाठी दशक्रियेला तर याहून वाईट. पिंड मांडलेला असतो, लोक कावळ्याची वाट बघत उन्हात उभे असतात आणि माइक एका नेत्याच्या हातून दुसऱ्याच्या हातात जात असतो. मनमिळाऊ, दानशूर, सर्वांना सोबत घेऊन चालणारं व्यक्तिमत्त्व, कधीही भरून न निघणारी पोकळी. गेलेल्याचं नाव वक्ता खिशातल्या चिठ्ठीवरून वाचतो. मला एवढंच म्हणायचंय की श्रद्धांजलीच्या भाषणात विशेषणांना बंदी घाला. प्रसंग सांगता येत असेल तर माइक घ्या, नसेल तर हात जोडा आणि बसा. अर्ध्या तासाचा कार्यक्रम चार मिनिटांत आटपेल आणि कावळाही लवकर येईल.

या बाबतीत धुळ्याचा एक जुना धडा आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात गेले. गावोगाव पायपीट करून, लोकांच्या वाड्यांतल्या माळ्यांवरची, कोनाड्यांतली दप्तरं उपसून त्यांनी जमवलेल्या कागदांतून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे २२ खंड उभे राहिले. ते गेल्यावर त्यांच्या धुळ्यातल्या स्नेह्यांनी आणि चाहत्यांनी लगेच, १९२७ मध्ये, त्यांच्या नावाने राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं आणि त्यांनी जमवलेलं सांभाळलं. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थांच्या वाङ्मयाची हस्तलिखितं गोळा केली. म्हणजे लोकांच्या घरात काय पडलंय ते हुडकावं, लिहून ठेवावं, जपावं, ही बुद्धी या मातीत नवी नाही.

पण दप्तर कोणाच्या माळ्यावर असतं? देशमुखाच्या, कुलकर्ण्याच्या, इनामदाराच्या. राजवाड्यांचा सगळा भर अस्सल कागदावर होता आणि त्यांच्या कामाला तो हवाच होता. सालदाराच्या घराला माळाच नव्हता. पाटलाच्या मळ्यात जन्म काढलेल्या बाईच्या नावावर कागद असेल तर तो रेशनकार्डाचा. वीटभट्टीवर, उसाच्या तोडीवर गेलेल्या, सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या पावऱ्याचा, भिल्लाचा कागद कुठे शोधणार? या माणसांचं दप्तर शेजाऱ्यांच्या तोंडात असतं आणि ते फक्त मयतीच्या दिवसांत उघडतं. ते दिवस आपण कापतोय, आणि वर म्हणतोय की सुधारणा झाली.

बहिणाबाईंचं उदाहरण द्यायला मी जरा कचरते, कारण खान्देशात कुठलाही लेख त्यांच्यावाचून पुरा होत नाही. तरी इथे द्यायलाच हवं, कारण आपण त्यांच्यातला निम्माच धडा घेतो. आसोद्याची लेक, जळगावची सून, अक्षरओळख नाही. शेतात आणि जात्यावर गाणी सुचायची आणि वाऱ्यावर जायची. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी ती कानावर पडतील तशी लिहून घेतली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, वही अत्र्यांपर्यंत पोचली आणि १९५२ साली गाणी पुस्तकात आली. पुढे २०१८ साली विद्यापीठालाच त्यांचं नाव मिळालं. हे सगळं कशावर उभं आहे? घरातल्या दोन माणसांनी एका बाईचं बोलणं लिहून ठेवण्याच्या लायकीचं मानलं, त्यावर. जेवढं त्यांच्या कानावर पडलं तेवढं उरलं. आपण दरवर्षी बहिणाबाईंच्या फोटोला हार घालतो, पण लिहून घेणाऱ्यांच्या त्या वहीची आठवण किती जणांना होते?

कोणी म्हणेल, बहिणाबाई प्रतिभावंत होत्या, आमच्या आप्पांचं काय लिहायचं? हे म्हणणं मला पटत नाही. आप्पांचं चरित्र छापायला मी सांगत नाही. घरात ठेवायला एक वही, दोनशे पानी, वाण्याच्या दुकानात मिळते ती. ती त्यांच्या नातवाने वाचली तरी पुष्कळ झालं.

आता रडण्याबद्दल. शिकलेल्या घरांत हेल काढून रडणाऱ्या बाईची लाज वाटते. शहरातल्या फ्लॅटमध्ये तर दार लावून घेतात, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. मी लहानपणी दारवर गेलेल्या बायांच्या मधे बसून हे रडणं खूप ऐकलंय. ते नुसतं रडणं नसतं. त्यात सूर असतो आणि सुरात माहिती असते. मोठी बहीण रडते तेव्हा दुष्काळात भावाने कोणत्या आडतीवरून ज्वारी आणली ते येतं. लेक रडते तेव्हा आता आखाजीला मला घ्यायला मुऱ्हाळी कोण धाडील हे येतं, आणि त्यासोबत बाप स्वतः किती वेळा गाडी जुंपून आला तेही. विहीण रडते तेव्हा लग्नातला एक रुसवा आणि तो त्याने कसा काढला हे येतं. एक जण थांबली की दुसरी धागा उचलते. तासाभरात आख्ख्या माणसाची गोष्ट होते, तीही चार गावांच्या तोंडून. याला असंस्कृत म्हणणाऱ्यांनी एकदा नीट कान देऊन ऐकावं. नदीकाठच्या भाषणात गेलेल्या माणसाबद्दल जेवढं कळतं त्याच्या दसपट इथे कळतं.

याच आतल्या खोलीत, याच दिवसांत, त्या घरच्या बाईच्या बांगड्या फोडल्या जातात, कुंकू पुसलं जातं, हेही मी पाहिलंय. म्हणून जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. ठराव असावा तर असा. दुखवट्यातलं नेमकं काय विषारी आहे ते त्याने बाजूला केलं. आमच्या समाजाच्या बैठका मात्र दिवस मोजत बसतात. तेराचे पाच झाले, पण त्या पाचांतही बांगड्या फुटतातच, आणि जे ऐकायचं ते ऐकायला वेळ उरत नाही. कापायचं होतं ते राहिलं आणि राखायचं होतं ते कापलं.

नोकरीवाल्या पोरांना तेरा दिवस मिळत नाहीत, हे मला मान्य आहे. उधन्यातल्या लूमवर पाचव्या दिवशी हजर नाही झालं तर जागा जाते. तेव्हा दिवस कितीही असोत, त्यात एक-दोन संध्याकाळी बसण्यासाठी राखून ठेवा, एवढंच मागणं आहे. विधींची यादी लहान करा, पंगत नकोच, पण अंधार पडताना ओट्यावर सतरंजी टाका आणि गल्लीला सांगा की आज बसायचंय.

आणि त्यासाठी आमच्याकडे जागा आधीपासून आहे. आखाजीला आम्ही घागर भरतो. नव्या मातीच्या घागरीत पाणी, वर लहान भांडं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, सांजोऱ्या, आंबे. निखाऱ्यावर घास टाकून आगारी देतो. आणि गावातल्याच कोणाला तरी पितर म्हणून पानावर बसवतो. केवढी मोठी कल्पना आहे ही! गेलेल्याच्या जागी शेजारचा माणूस जेवतो. पण होतं काय, पितर येतो, पुरणपोळी आणि आमरस जेवतो, हात धुतो आणि पुढच्या घरी जातो, कारण त्या दिवशी त्याला तीन ठिकाणचं आमंत्रण असतं. त्याला जेवणाआधी पाच मिनिटं थांबवा. ज्याच्या जागी बसलास त्याचं एक सांग म्हणा. पोराटोरांना समोर बसवा. पितर निवडतानाही जरा विचार करा, मिळेल तो धरून आणू नका, गेलेल्याला ओळखणारा बघा. आम्ही गेल्या आखाजीला आप्पांच्या जागी त्यांच्यासोबत शाळेत असलेल्या एकाला बोलावलं. त्यांनी सांगितलं की आप्पा चौथीत असताना परीक्षेच्या दिवशी पोहायला गेले आणि गुरुजींनी त्यांना अनेर नदीच्या डोहातून कानाला धरून आणलं. माझ्या भाच्याला आजोबा पहिल्यांदा आवडले.

लिहून घेण्याच्या दोन-तीन गोष्टी अनुभवाने सांगते. मोबाइल पुढे धरून रेकॉर्डिंग करू नका. आमच्याकडे पहिल्या दिवशी भाच्याने केलं, तर म्हातारी माणसं एकदम रेडिओवर बोलल्यासारखी शुद्ध बोलायला लागली आणि सगळं पुन्हा 'देवमाणूस होता' वर आलं. ऐकून घ्यावं आणि रात्री सगळे गेल्यावर लिहावं. अहिराणीत बोललेलं अहिराणीतच लिहावं, लेवा बोलीतलं तसंच, नीट करायला जाऊ नये. आणि घरातल्या एका माणसाला या कामासाठी मोकळं ठेवावं, चहा-पाण्याच्या कामाला लावू नये. नाहीतर होतं असं की घरचे सगळे कपबशा उचलत असतात आणि सांगणारे एकमेकांनाच सांगत बसतात.

त्या माणसाने मात्र नुसतं ओट्यावर बसून राहू नये. बाहेर पुरुषांचं बोलणं पंधरा मिनिटांत कापसाच्या भावावर आणि झेडपीच्या निवडणुकीवर जातं, मी घड्याळ लावून सांगू शकते. जिजी आत बसली होती. आप्पांच्या पाण्याची गोष्ट बाहेर एकाही पुरुषाने सांगितली नाही, आणि काकांनी नंतर कबूल केलं की त्यांतल्या निदान तिघांना ती माहीत होती.